रोजचे तर्री पोहे, वाढलेले वजन आणि कर्बोदकांचा हिशेब : न्याहारीत नेमके काय बदलावे?

बैठा_कारकून (प्रश्नकर्ता)

माझे वय ४४ वर्षे असून मी नागपुरात एका सरकारी कार्यालयात बैठे काम करतो. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो आणि पोटाचा घेर १०१ सेंटिमीटर आहे. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ५.९ टक्के आला. डॉक्टरांनी ही मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगितले. सध्या औषधाची गरज नाही, मात्र वजन उतरवा आणि कर्बोदके कमी करा, असाही त्यांचा सल्ला आहे. कमी म्हणजे किती आणि कोणत्या वेळची, हे मात्र विचारायचे राहून गेले.

सकाळी मी पाऊण तास अंबाझरीच्या बाजूला फिरायला जातो आणि परत येताना मित्रमंडळींसोबत ठेल्यावर तर्री पोहे, म्हणजे चण्याचा तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा घातलेले पोहे, खातो. सोबत शेव, कांदा, लिंबू आणि त्यानंतर दोन चमचे साखरेचा चहा असतो. दुपारच्या डब्यात चार पोळ्या, भाजी आणि वरण-भात, रात्रीही जवळपास तेच. कार्यालयातले एक सहकारी म्हणतात की पोहे बंद करून ओट्स सुरू करा. दुसरे म्हणतात की धान्य म्हणून जे काही आहे ते सगळे सोडा. तिसरे दोन वेळांच्या जेवणाचे पुरस्कर्ते असून त्यांच्या मते न्याहारीच नको. घरी अंडी शिजत नाहीत, बाहेर खायला माझी हरकत नाही. आई ७१ वर्षांची असून तिला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे, ती सकाळी गोळी घेते आणि घरची न्याहारी तिच्यासाठीही तीच होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की पोहे खरोखर दोषी आहेत का, माझ्यासारख्याने न्याहारीत साधारण किती कर्बोदके घ्यावीत, आणि तांदळाऐवजी ज्वारी-नाचणी घेतली की प्रश्न सुटतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आहारतज्ज्ञ_धरमपेठ

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आधी आकड्यांकडे वळते. आपल्या डॉक्टरांचा सल्ला अर्थातच याच्या वर राहील. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २९.८ च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरली जाते, आणि पुरुषांच्या पोटाच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात. तेव्हा वजन उतरवण्याचा सल्ला योग्यच आहे. ५.७ ते ६.४ ही एचबीए१सीची मधुमेहपूर्व पट्टी असून आपण तिच्या खालच्या टोकाजवळ आहात, म्हणजे हाताशी भरपूर वाव आहे.

आता ठेल्यावरची प्लेट पाहू. भरलेल्या प्लेटमध्ये साधारण ८० ग्रॅम कोरडे पोहे असतात असे धरले, तर त्यातून सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके आणि २८० कॅलरी मिळतात. पोह्यांच्या फोडणीचे दोन चहाचे चमचे तेल म्हणजे ९० कॅलरी. तर्रीवर तरंगणारा लाल थर हा निव्वळ तेलाचाच असतो, तो दोन चमचे पोटात गेला की आणखी ९०. मूठभर शेव वीस ग्रॅम जरी धरली तरी शंभर-एकशेदहा कॅलरी. आणि ज्याच्यामुळे ही प्लेट पौष्टिक ठरू शकली असती, तो चणा मात्र अनेकदा दोन-तीन चमचेच येतो. साखरेचा चहा धरून ही न्याहारी सातशे कॅलरींच्या घरात जाते, कर्बोदके ८५ ते ९० ग्रॅम होतात आणि प्रथिने जेमतेम बारा-पंधरा ग्रॅम. पाऊण तासाच्या चालण्यात आपल्या वजनाच्या माणसाच्या दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, हेही इथेच नोंदवून ठेवते.

तरीही पोह्यांना एकट्याला पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही. आपल्या डब्याकडे पाहा. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी साधारण २० ते २२ ग्रॅम कर्बोदके देते, म्हणजे चार पोळ्यांची ८५ आणि वाटीभर भाताची ४०. दुपारचे सव्वाशे, रात्रीचे तेवढेच आणि सकाळचे नव्वद मिळून दिवसाचा आकडा ३४० च्या आसपास जातो, आणि त्यात वरणातले, भाजीतले व दुपारच्या चहातले मी धरलेलेच नाही. वजन हळूहळू उतरावे म्हणून आपल्याला दिवसाला सतराशे कॅलरींच्या आसपास राहायचे आहे असे मानले आणि त्यातली निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून घ्यायची ठरवली, तर दिवसाला २१० ग्रॅम मिळतात. त्यातले न्याहारीला पन्नास-पंचावन्न ठेवले, तर पोहेसुद्धा त्यात सुखाने बसतात.

ज्वारी-नाचणीचा आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सध्या सगळीकडे भरडधान्यांचा जो गजर चालू आहे त्यातून नेमका हाच गैरसमज पसरतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. पांढरा तांदूळ किंवा मैद्याच्या जागी गहू वा भरडधान्य आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले, तर चयापचयाच्या आजारांचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यांची किंवा दुधाची प्रथिने आणली, तेव्हा मात्र तो घटलेला दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे म्हटले आहे. ज्वारीत तांदळापेक्षा तंतू जास्त आहेत, ती जरूर खावी. पण शंभर ग्रॅम ज्वारीतही सत्तरच्या आसपास कर्बोदके आहेतच. ओट्सची गोष्ट फार वेगळी नाही. त्यातला विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉलसाठी चांगला असतो, मात्र मसाला घातलेल्या पाकिटांत मीठ भरपूर असते, आणि वाटीभर ओट्सवर प्रथिनांची सोय होत नाही.

म्हणून माझे उत्तर असे, की पोहे निम्मे करा आणि चणा तिप्पट-चौपट करा. चाळीस ग्रॅम कोरडे पोहे, एक चमचा तेल, पंधरा ग्रॅम शेंगदाणे, शिजवलेल्या काळ्या चण्याची एक भरलेली वाटी आणि बिनसाखरेचा चहा, हे सगळे मिळून सव्वाचारशे ते साडेचारशे कॅलरी होतात, कर्बोदके पंचावन्न-साठच्या आत राहतात आणि प्रथिने पंधरा ग्रॅमच्या वर जातात. शिवाय चण्याचे कर्बोदक तंतूंसोबत येत असल्याने हळू पचते आणि अकरा वाजता कार्यालयाच्या कॅन्टीनमधल्या आलूबोंड्याकडे पाय वळण्याची शक्यता कमी होते.

महालची_सूनबाई

आहारतज्ज्ञ ताईंनी हिशेब चोख मांडला आहे, मी स्वयंपाकघराच्या बाजूने थोडी भर घालते. आमच्याकडे सासरे आणि यजमान दोघेही साखरेचे रुग्ण असल्याने सकाळी काय करायचे हा प्रश्न रोजच असतो.

चण्याची तर्री घरी करताना तेल खूप लागते हा समज सोडून द्यावा. कांदा, सुके खोबरे, धणे, जिरे, लवंग, दालचिनी आणि थोडी खसखस कोरडेच भाजून वाटावे. दोन चमचे तेलात आले-लसूण परतून त्यात वाटण टाकावे आणि ते कढईला लागू लागले की तेलाऐवजी चणे शिजवलेले पाणी थोडे थोडे घालत जावे. वाटण मंद आचेवर कडा सोडेपर्यंत परतले, की चवीत काही कमी पडत नाही. फक्त तो लाल तवंग येत नाही आणि घरच्यांना दोन दिवस चुकल्यासारखे वाटते. चणे आदल्या रात्री भिजवून सकाळी कुकरला लावायचे, आणि घाई असेल तर रविवारीच शिजवून दोन-तीन दिवसांचे फ्रिजमध्ये ठेवायचे.

रोज पोहेच कशाला, असेही विचारावेसे वाटते. आपल्या विदर्भात उकडपेंडी आहे. ज्वारीचे किंवा गव्हाचे जाडसर पीठ खमंग भाजून घ्यावे, कांदा-मिरची-मोहरीच्या फोडणीवर ते परतावे, मग ताकाचे किंवा चिंचेच्या पाण्याचे हबके मारत झाकण ठेवून वाफ आणावी. मात्र ही पिठाचीच न्याहारी आहे, वर सांगितलेला पोह्यांचा नियम हिलाही लागू होतो. एक छोटी वाटी उकडपेंडी आणि तिच्याबरोबर वाटीभर दही व मोड आलेली मटकी, असे ताट मी वाढते. जवसाची चटणीही असतेच, पण जवसातही तेल आहे, तेव्हा चमचाभरच.

माझ्या मते सगळ्यांत सोयीची न्याहारी म्हणजे अख्ख्या हिरव्या मुगाची धिरडी. पन्नास ग्रॅम मूग रात्री भिजवून सकाळी आले, हिरवी मिरची, जिरे आणि मूठभर चिरलेला सांबार (कोथिंबीर) घालून वाटले, की दोन मध्यम धिरडी होतात. त्यातून बारा ग्रॅम प्रथिने सहज मिळतात आणि कर्बोदके तीस ग्रॅमच्या आसपास राहतात. पीठ फार पातळ करू नये, नाहीतर धिरडे तव्याला चिकटते आणि मग प्रत्येक धिरड्याला जास्तीचा चमचाभर तेल जातो. कुरकुरीतपणासाठी लोक त्यात वाटीभर तांदूळ घालतात, तो मोह टाळावा.

तर्कसंगत

मला मूळ गृहीतकावरच प्रश्न विचारायचा आहे. वजन कमी करण्यासाठी न्याहारी केलीच पाहिजे, असे कुणी सिद्ध केले आहे? २०१९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात तेरा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात न्याहारी करणाऱ्यांचे दिवसभराचे उष्मांक (कॅलरी) न करणाऱ्यांपेक्षा सरासरी २६० ने जास्त निघाले आणि न करणाऱ्यांचे वजन किंचित कमी आढळले. चाचण्या अल्प मुदतीच्या होत्या आणि त्यांचा दर्जा यथातथा होता, हे त्या लेखकांनीच मान्य केले आहे, तेव्हा त्यावरून न्याहारी सोडाच असे मी म्हणणार नाही. पण सकाळचे जेवण राजासारखे करावे हे वाक्य आपण जितक्या ठामपणे एकमेकांना ऐकवतो, तितका ठाम पुरावा त्यामागे नाही.

हीच गोष्ट ‘धान्य पूर्ण बंद’ या पंथाची. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकांचा आहार देऊन पाहिला. एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करून भाज्या वाढवायला सांगितले होते, हे विसरू नये. थोडक्यात, माणसाला जी पद्धत वर्षभर निभावता येते ती त्याच्यासाठी बरी. कारकून साहेबांना सकाळी खरी भूक लागत नसेल आणि केवळ मंडळींच्या संगतीने प्लेट हातात येत असेल, तर त्यांनी फिरून आल्यावर बिनसाखरेचा चहा घेऊन थेट एक वाजता जेवायला काय हरकत आहे?

आहारतज्ज्ञ_धरमपेठ

हरकत एवढीच, की तो प्रयोग मुलाने करावा, आईने नव्हे. सकाळची गोळी जर ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिनचा स्राव वाढवणारी असेल किंवा कुणी इन्सुलिन घेत असेल, तर गोळी घेऊन न खाल्ल्यास रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे आहेत आणि सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला त्यातून पडझडही होऊ शकते. त्यामुळे आईंच्या जेवणाच्या वेळा किंवा कर्बोदकांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. प्रमाण बरेच घटवायचे असेल, तर गोळीची मात्राही त्याच भेटीत तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वीही विचारावे.

बाकी तर्कसंगत यांच्याशी मी बरीचशी सहमत आहे. फक्त माझा अनुभव असा, की न्याहारी सोडणारे अनेक जण दुपारी पाचवी पोळी घेतात आणि चार वाजता बिस्किटांचा पुडा फोडतात. ज्यांचे तसे होत नाही त्यांनी खुशाल सोडावी.

बर्डीचा_बाळू

मी ना डॉक्टर ना आहारतज्ज्ञ, पण ठेल्यावरचे खाणे सोडवत नाही अशा वर्गातला आहे, म्हणून त्या बाजूने दोन शब्द लिहितो. ठेलेवाल्याला ‘भाऊ, पोहे अर्धे, चणा जास्त, तर्री खालून’ एवढे सांगितले की तो बरोबर तसेच देतो. पळी तळापर्यंत गेली की चणे आणि रस्सा येतो, वरवर फिरवली की तेल येते. शेव वेगळ्या कागदावर मागून घ्यावी म्हणजे किती खाल्ली ते दिसते. चणे आणि कांदा आधी खाऊन पोहे नंतर खाल्ले तर साखर कमी वेगाने चढते असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते, जाणकारांनी ते खरे की खोटे ते सांगावे.

आणखी एक. हिवाळ्यात मंडईत संत्र्यांचे ढीग लागले, की फिरून आल्यावर रस पिण्याची टूम आपल्याकडे असते. एका पेल्याला तीन-चार संत्री लागतात, साल-चोथा टाकून त्यांची साखर तेवढी घटाघट पोटात जाते. तीच चार संत्री कुणी बसून सोलून खात नाही, एक-दोनवर माणूस थांबतो. आपल्या गावच्या फळाचा अभिमान बाळगावा, पण तो फोडी खाऊन बाळगावा.

आहारतज्ज्ञ_धरमपेठ

बाळूभाऊ, आपल्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. भाज्या आणि प्रथिने आधी व कर्बोदके शेवटी घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे २०१५ पासून मधुमेहींवरच्या छोट्या अभ्यासांत दिसले आहे. कॅलरी मात्र त्याने कमी होत नाहीत, म्हणून वजनासाठी त्यावर विसंबून राहू नये.

बैठा_कारकून (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. डब्यातल्या आणि रात्रीच्या कर्बोदकांचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. आमच्याकडे चर्चा सगळी न्याहारीचीच व्हायची. सध्या असे ठरवले आहे की सोमवार ते शुक्रवार घरी चणा-पोहे किंवा मुगाची धिरडी, शनिवारी ठेल्यावर बाळूभाऊंच्या पद्धतीने, आणि डब्यात दोन पोळ्या कमी करून वरणाची वाटी मोठी करायची. आईचे जे आहे ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारूनच.

दोन शंका उरल्या आहेत. पुन्हा तपासणी कधी करावी, आणि संकष्टीला काय करावे? आमच्याकडे त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी असते आणि ती थोडकी खाणे मला आजवर जमलेले नाही.

आहारतज्ज्ञ_धरमपेठ

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते; त्यामुळे तीन महिन्यांच्या आत ती तपासणी पुन्हा करून उपयोग नाही. पोटाचा घेर मात्र महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर टेप धरून मोजावा. वजनाच्या आधी तो हलताना दिसतो असे माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये ८५ च्या वर कर्बोदके आणि प्रथिने नावापुरती. खिचडीत दाण्याचा कूट असतो म्हणून ती थोडी सावरते, पण कूट, तूप आणि बटाटा मिळून कॅलरी चढतात.

महालची_सूनबाई

संकष्टीला आमच्याकडे राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ होते. राजगिऱ्यात तेरा-चौदा टक्के प्रथिने असतात आणि उकडलेल्या बटाट्याऐवजी किसलेली काकडी घातली तर पीठही कमी लागते. काकडीचे पाणी सुटते, म्हणून पीठ मळून ठेवू नये, लगेच थापावे. सोबत वाटीभर दही. भगर करायची असेल तर छोटी वाटी भगर आणि मोठी वाटी दाण्याची आमटी, पण दाण्यात तेल बरेच असल्याने त्या दिवशी वेगळे तूप वाढू नये. साबुदाण्यावाचून घरचे राहतच नसतील, तर थालिपिठाच्या पिठात भिजवलेला साबुदाणा चार चमचे मिसळावा.